आम्लधर्मी जमिनीस समतोल खतांची गरज

खताचा परिणाम एका हंगामात दिसतो. जमिनीवरील त्याचा परिणाम कळण्यास मात्र कित्येक वर्षे लागतात. हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ मुदतीच्या खतप्रयोगाने हे स्पष्ट केले आहे. तेथील जमीन मुळातच आम्लधर्मी. आरंभी तिचा सामू ५.८ होता. तीत मका व गहू ही पिके घेण्यात आली. ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षे केवळ युरिया मिळाला, तेथे उत्पन्न घटत जाऊन अखेर दोन्ही पिके येईनाशी झाली. नत्र, स्फुरद व पालाश यांच्या जोडीला चुना किंवा शेणखत मिळालेल्या वाफ्यांत मात्र उत्पन्न टिकून राहिले.

युरियातील नत्राचे जमिनीत नायट्रेट होताना आम्लता वाढते. सामू ५.५ च्या खाली गेल्यास अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांची वाढ खुंटते आणि स्फुरद पिकास पुरेसे मिळत नाही. चुना ही आम्लता कमी करतो, तर शेणखत अ‍ॅल्युमिनियमला बांधून ठेवते व जमिनीचा कस राखते.

अतिपावसाच्या कोकणातील जांभ्या जमिनीही आम्लधर्मी आहेत. तेथे उत्पन्न घटले म्हणून युरियाची मात्रा वाढविणे म्हणजे मूळ दुखणे वाढविणे होय. प्रथम माती परीक्षण करून घ्यावे आणि त्यानुसारच चुन्याचे प्रमाण ठरवावे. देशावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीस चुन्याची आवश्यकता नसते. हा भेद गावोगावी समजावून सांगणे, हे पंचायत सदस्य व शिक्षक यांचे मोलाचे कार्य ठरेल.