पगाराची स्लिप वाचायची कशी?



खोपटच्या एसटी डेपोत गाडीची वाट बघत बसलो की आमच्या गप्पांना विषय कमी पडत नाहीत. ‘बाईपण भारी देवा’मधली कोणती बहीण आपल्यासारखी, यावर आम्ही अजूनही भांडतो. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यात महिन्याला किती वाचतात तेही तोंडपाठ आहे. पण पगारातून काय काय कापलं जातं, असं विचारलं की सगळ्या गप्प!

आमच्यातली एक जण वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगचं काम करते. पगार 18,000 रुपये. सिनेमाला जायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, “हातात 16,465च येतात गं, या महिन्यात मला नको धरू.” मग तिथंच बाकड्यावर बसून तिच्या मोबाइलमधली स्लिप आम्ही उघडली. कपात तीन ठिकाणी होती.

पहिली, पीएफ 1,200 रुपये. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या 12 टक्के रक्कम कापतात. तिचा मूळ पगार 10,000, म्हणून 1,200. मालकानेही तेवढेच भरायचे असतात. मालकाच्या 1,200 मधले 833 पेन्शनकडे जातात आणि 367 पीएफमध्ये. म्हणजे तिच्या पीएफ खात्यात दरमहा 1,567 रुपये पडायला हवेत.

दुसरी, ईएसआय 135 रुपये, म्हणजे पगाराच्या पाऊण टक्का. मालक सव्वातीन टक्के भरतो. यातून आजारपणात उपचार मिळतात, बाळंतपणाच्या रजेचे पैसेही मिळतात. ही कपात बरोबर होती.

तिसरी, व्यवसाय कर 200 रुपये. इथे मात्र आम्ही थांबलो. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला हा कर माफ आहे. पुरुषांना ही सवलत नाही. ऑफिसात सगळ्यांचा एकसारखाच कापत होते. महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500 रुपये!

मग पीएफचं पासबुक बघितलं. आपल्या बारा आकडी यूएएन नंबरवरून ते उमंग ॲपवर दिसतं. नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो. पासबुकात चार महिन्यांची जागा कोरी होती. पगारातून कापलेले पैसे खात्यात पोचलेच नव्हते. खरं तर ते पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात.

ती घाबरली. “बोलले तर कामावरून काढतील,” म्हणाली. ही भीती खोटी नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून भांडण न करता तिने दोनच कामं केली. सगळ्या स्लिपा एका ठिकाणी जपून ठेवल्या आणि हिशेबनीसाला लेखी विचारलं. व्यवसाय कर पुढच्या महिन्यापासून बंद झाला. पीएफचे चार महिने हळूहळू भरले गेले. आधी कापलेल्या कराचं मात्र अजून विचारणं चालूच आहे.

लेखी विचारूनही उत्तर मिळालं नाही तर पीएफ कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ठाण्याचं कार्यालय वागळे इस्टेटमध्येच आहे. पगारातून कापून न भरणं हा गुन्हा आहे, त्यामुळे विचारायला आपण लाजायचं कारण नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्याची स्लिप उघडा. व्यवसाय कर कापलाय का, ते बघा आणि पासबुकातला शेवटचा महिना कोणता, तेही बघा. स्लिप मिळतच नसेल तर आधी ती मागा. वाचता आली नाही तर शेजारणीला सोबत घ्या. आम्हीही एकीची बघता बघताच शिकलो.

आणि हो, सिनेमा आम्ही सगळ्या मिळून बघितला. तिचं तिकीट तिनेच काढलं.