दूरच्या भांडारांत काम कसें पोंचवावें

आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील भोसरी, चिंचवड अथवा चाकण येथील कारखान्यांत जातात, आणि कित्येकांचीं वडील भावंडें हिंजवडी किंवा तळवडे येथें बसून संगणकाचे प्रोग्राम लिहितात. “आजचें काम पुश केलेंस का?” हा प्रश्न अशा घरांत जेवतांनाही कानीं पडतो. हें ‘पुश करणें’ म्हणजे काय, व त्यांत एवढी सावधगिरी कां लागते, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम आपल्याच परिसरांतील जुनी गोष्ट घेऊं. हातानें नकला करण्याच्या काळीं ग्रंथांवर दोन संकटें येत. प्रत एकच असली तर ती नष्ट होण्याचें भय. आणि प्रती अनेक झाल्या तर त्यांचा आपसांत मेळ राहत नसे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे चाकणचे; त्यांच्या हातच्या वह्यांस म्हणूनच एवढा मान. उलट ज्ञानेश्वरीच्या नकला होतां होतां पाठ बिघडत गेले, तेव्हां एकनाथांस शके 1506 मध्यें, म्हणजे इ. स. 1584 त, अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली.

संगणकावरील लेखनासही हींच दोन संकटें आहेत. त्यांवर उपाय म्हणून लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं एप्रिल 2005 मध्यें ‘गिट’ हें साधन रचिलें. लिनक्स नामक प्रणालीवर देशोदेशींचे लोक एकाच वेळीं काम करीत. त्यांच्या कामाचा मेळ घालणें हा त्याचा मूळ हेतु. गिटमध्यें काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ सर्व इतिहासासह पुरी प्रत असते. शिवाय एक सामाईक भांडार दूरच्या संगणकावर ठेवितात. त्यास बहुधा ‘ओरिजिन’ म्हणतात.

आतां कामाची रीत पाहूं. कांहीं बदल पुरा झाला कीं त्याची नोंद करावयाची; हिला ‘कमिट’ म्हणतात. बदल कोणीं केला, केव्हां केला, व त्यापूर्वींची नोंद कोणती, हें सर्व तींत असतें. ह्या मजकुरावरून गणितानें बहुधा 40 अक्षरांची एक खूण निघते. मजकुरांत एक स्वल्पविराम बदलला तरी खूण निराळी होते. परंतु एवढें केल्यानेंही नोंद आपल्याच संगणकांत राहते; यंत्र बिघडलें कीं तीही गेली. म्हणून ‘गिट पुश ओरिजिन मेन’ अशी आज्ञा द्यावयाची. तीनें ‘मेन’ ह्या शाखेंतील ज्या नोंदी भांडारांत नसतील तेवढ्याच तिकडे जातात.

कधीं कधीं भांडार त्या स्वीकारीत नाहीं. मध्यंतरीं एखाद्या सोबत्यानें आपलें काम पोंचविलेलें असतें, आणि तुमच्या नोंदी त्याच्या पुढच्या नसून जुन्या जागेवरून निघालेल्या असतात. कारखान्यांतील पालकांस हें लवकर उमजेल. भागाच्या ड्रॉइंगवर सुधारणेचा क्रमांक असतो. नवें ड्रॉइंग आलें असतां जुन्यावरूनच भाग कातीत बसलें, तर सारा माल बाद होतो. येथें उपाय असा कीं, ‘पुल’ करून सोबत्याचें काम आधीं आपल्याकडे आणावें, दोहोंचा मेळ घालावा, प्रोग्राम चालवून पाहावा, आणि मग पुन्हां पुश करावें. एकच ओळ दोघांनीं बदलली असेल, तर गिट निवाडा देत नाहीं. तो माणसांनींच बोलून करावा.

परंतु उतावळ्यांसाठीं ‘फोर्स’ नांवाची एक आडवाटही आहे. आमच्या विज्ञानप्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं एका विद्यार्थ्यानें तीच धरिली, आणि सोबतिणीचें आठ दिवसांचें काम भांडारांतून नाहींसें झालें. तिचा संगणक दुरुस्तीस गेलेला होता. सुदैवानें तिसऱ्या मित्रानें आदल्या दिवशींच सर्व उतरवून घेतलें होतें. त्याच्या प्रतींतून तें परत मिळालें. चूक करणारानें कोणीं न विचारतां ती कबूल केली, ह्याचें आम्हांस अधिक समाधान वाटलें. आपल्याच शाखेवर कधीं जोर करावा लागलाच, तर ‘फोर्स-विथ-लीज’ ही आज्ञा बरी. भांडारांतील शाखा आपण शेवटीं पाहिली तशीच असेल तरच ती चालते.

आणखी एक सूचना. परवलीचा शब्द चुकूनही भांडारांत जाऊं देऊं नये. गेलाच, तर पुढच्या नोंदींत तो खोडून भागत नाहीं, कारण मागची नोंद इतिहासांत राहतेच. आधीं तो शब्दच बदलावा.

असो. विद्यार्थिमित्रहो, सामाईक भांडारांत आपल्या ओळींशेजारीं दुसऱ्याचे श्रम ठेविलेले असतात. आपलें काम पोंचविण्यापूर्वीं शेजाऱ्याचें काम पाहणें, ही संवय संगणकापुढें लागली, तर ती वर्गांत, कारखान्यांत व घरांतही उपयोगीं पडेल.