उंबऱ्याबाहेरची बादली

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. एक, अनारशाच्या पिठावरून सौ. आणि तिची वहिनी यांची टेलिफोनवर होणारी प्रदीर्घ चर्चा. आणि दुसरी, पाडव्यापासून प्रकृतीकडे लक्ष देण्याचा माझा संकल्प. पहाटे उठावे, बारा सूर्यनमस्कार घालावेत, चहातील साखर सोडावी, असा त्याचा दरसालचा मजकूर. पाडव्याचा हा संकल्प भाऊबीजेपर्यंत, म्हणजे नेमका एक दिवस टिकतो. ओवाळून झाल्यावर बहीण करंजी पुढे करते, आणि तिथे माझा निरुपाय होतो.

संकल्प एवढे मोठे आणि त्यांचे आयुष्य एवढे थोडे का, याचा उलगडा मला गेल्या जानेवारीत झाला. तोही एका बादलीपाशी.

पालघरहून मनोरच्या रस्त्याने वाघोबा खिंड ओलांडून गेले की सूर्या नदीच्या बाजूला मासवण लागते. राष्ट्रीय सेवा योजनेचे आमच्या महाविद्यालयाचे सात दिवसांचे शिबिर तेथे होते. माझ्याकडे विषय आला ‘आरोग्य आणि स्वच्छता’. मराठीच्या प्राध्यापकाकडे हा विषय कसा, असे वाचकांनी विचारू नये. जो नाही म्हणत नाही त्याच्याकडे असे विषय येतात. पहिल्याच संध्याकाळी चार विद्यार्थी बरोबर घेऊन, काखेत वही मारून, मी एका पाड्यावर आरोग्याची पाहणी करायला निघालो.

कुडाच्या भिंतींचे, शेणाने सारवलेले एका वारली कुटुंबाचे घर. दारापाशी एक सपाट दगड, दगडाशेजारी फळीने झाकलेली बादली, फळीवर पत्र्याचे डबडे. मी हे सारे ओलांडून सरळ आत जाऊ लागलो. ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, “पाय धू, मग ये.”

त्यांच्या बोलण्यात ‘अहो-जाहो’ नव्हते, पण रागही नव्हता. माझ्या विद्यार्थ्यांनी माना खाली घातल्या. कशासाठी, ते मला कळले. दगडावर उभा राहून मी पाय धुतले. ते पाणी दगडावरून घरंगळत मागच्या भोपळ्याच्या वेलाकडे गेले. थोड्या वेळाने त्यांचा मुलगा बोईसरच्या कारखान्यातून पाळी संपवून आला. तो बोलत बोलत आला, बोलता बोलताच त्याने फळी सरकवली, पाय धुतले आणि आत गेला. आपण काही आरोग्यविषयक कृती केली याची त्याला दखलही नव्हती.

पाय धुताना माझ्या टाचेत मोडलेला काटा मला दिसला. दुपारपासून मी त्यावर चालत होतो. काट्याकडे पाहताना वडिलांची आठवण झाली.

वडिलांना जुना मधुमेह आहे. हा रोग मुरला की पायांच्या नसा बधिर होत जातात आणि रक्ताचा पुरवठाही मंदावतो. टोचलेले कळत नाही, आणि झालेली जखम लवकर भरत नाही. काही वर्षांपूर्वी त्यांच्या चपलेचा खिळा वर आला होता. चार दिवस ते त्यावर चालले. पाचव्या दिवशी फरशीवरचा डाग दिसला तो आईला, त्यांना नव्हे. त्या पायाची दोन बोटे काढावी लागली. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेला सल्ला शाळकरी मुलालाही पाठ होईल इतका छोटा होता. रोज पाय कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा, तळवे नजरेखालून घाला, आणि अनवाणी चालू नका.

खेदाची गोष्ट अशी, की गावच्या घरी असताना वडील पाय धुतल्याखेरीज कधी घरात आले नाहीत. पडवीत तांब्या-बादली असे, पाय पुसायला पंचा टांगलेला असे. शहरात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. दाराबाहेर जिना आणि शेजाऱ्यांच्या सायकली. बादली ठेवायची कोठे? वडिलांनी सवय टाकली असे मी इतकी वर्षे समजत होतो. मासवणच्या त्या दगडावर उभा असताना लक्षात आले, की तिची जागाच आम्ही घर बदलताना मागे ठेवून आलो.

हे मर्म ज्यांना फार आधी उमगले, त्यांची कर्मभूमी याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणूच्या बाजूला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शाळा उघडली म्हणून मुले येत नाहीत, हे दिसल्यावर या बायकांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच कल्पनेतला. १९७५ साली सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेबरोबर तो देशभर गेला. अक्षरांच्या आधी तिथे हात-तोंड धुणे, नखे काढणे, केस विंचरणे असे. स्वच्छतेवर भाषण नाही. मॉन्टेसरी पद्धतीत हात धुणे हा स्वतंत्र पाठच असतो. मुलाच्या उंचीला पुरेल असे पाण्याचे भांडे, त्याच्या हाताला येईल असा साबण, पलीकडे फडके. वस्तू हाताशी असल्या आणि त्यांचा क्रम ठरला की मूल आपण होऊन धुते. आमच्या घरांतून मात्र बेसिन मोठ्यांच्या कमरेला, साबण त्याहून वर, आणि मुलाने हात धुतले नाहीत म्हणून रोज आरडाओरडा!

एवढ्याशा गोष्टीने काय होणार, असे म्हणणाऱ्यांना नारू आठवत असेल. आज पन्नाशीच्या आतल्यांनी तो पाहिलाही नसेल. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षाने पायातून हातभर लांबीचा दोरा बाहेर पडू लागे. माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. त्यावर लस नव्हती, औषधही नव्हते. रोगाचे बीज पाण्यातल्या अतिसूक्ष्म किड्यांत असे आणि ते किडे दाट विणीच्या कापडात अडकत. १९८३-८४ पासून देशात नारू निर्मूलनाची मोहीम झाली. महाराष्ट्रही नारूच्या प्रदेशात मोडत होता. पाणी कापडाने गाळून प्यावे, नारू निघालेल्या माणसाने विहिरीत पाय घालू नये, पायऱ्यांच्या विहिरी बंद कराव्यात, हेच तिचे मुख्य उपाय. जुलै १९९६ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. माठाच्या तोंडाला बांधलेले फडके आणि ओगराळ्याचा लांब दांडा या दोन्ही गोष्टी माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात होत्या. आमच्याकडे ओगराळे आता शोभेच्या कपाटात आहे.

चालण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण वडिलांचा रोग माझ्याही उंबऱ्यापर्यंत आला असल्याचे रक्ताच्या तपासणीत निघाले आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस या संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, असा त्याचा निष्कर्ष. पुढे १९५६ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी गणवेशांच्या मापांची दप्तरे तपासली, तेव्हा चालकांच्या पाटलोणी कंबरेला अधिक रुंद असल्याचे आढळले! म्हणजे सारे श्रेय जिन्याला देता येत नाही. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला असा चिमटा काढून पाहणारा विद्वान मला फार आवडतो. तरीही कंडक्टर व्यायाम करायला म्हणून जिना चढत नव्हता. तिकिटे फाडायला चढत होता. माझा सूर्यनमस्कार फसतो तो इथे. त्याला दिवसातल्या कोणत्याच कामाचा आधार नाही.

आपल्याकडची शतपावली अशीच जेवणाच्या पाठीला बांधलेली आहे. जेवल्यावर थोडे चालले की स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि ती एकदम चढत नाही. सौ.ने ती माझ्या गळ्यात मोठ्या युक्तीने घातली. रात्रीचा ओला कचरा खाली नेण्याचे काम माझ्याकडे आले आणि माझ्या चपला त्या डब्याशेजारी ठेवण्यात आल्या. खाली गेलेला माणूस इमारतीला चार फेऱ्या घालूनच वर येतो. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला आणि २०१० साली छापून आलेला फिलिपा लॅली यांचा एक अभ्यास आहे. रोजच्या एखाद्या ठरलेल्या वेळेला जोडलेली छोटी कृती अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही, हेही त्यात आढळले. भाऊबीजेच्या करंजीने हात टेकणाऱ्या माझ्यासारख्याला हा फार मोठा दिलासा आहे.

मासवणच्या बादलीची एक बाजू मात्र राहिली. तिच्यातले पाणी त्या घरची सून हातपंपावरून डोक्यावर आणते. सूर्येचे पाणी मासवणहून पालघर शहराला जाते. या पाड्यावर प्रत्येक पायामागे अर्धा तांब्या त्या सुनेच्या मानेवरून येतो. हे कळल्यावर माझे व्याख्यान मी वहीतच ठेवले. शेवटचे दोन दिवस मुलांनी हातपंपाभोवतीचा चिखल काढून सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणला. कुदळ धरण्याचा माझा सराव पाहून म्हाताऱ्या बाई एकदाच हसल्या.

घरी आल्यावर न्हाणीघरात एक ठेंगणे स्टूल, एक मऊ पंचा आणि भिंतीच्या खिळ्याला हातआरसा अशी मांडणी केली. वडिलांना आता वाकवत नाही. रात्री बातम्या संपल्या की ते स्टुलावर बसतात आणि आठवीतली नात आरसा त्यांच्या तळव्याखाली धरते. पहिल्या आठवड्यात दोघेही कंटाळली. आता तिला उशीर झाला तर तेच हाक मारतात.

गणपतीच्या सुमारास एका रात्री तिने आरसा दोनदा फिरवला आणि मला बोलावले. डाव्या टाचेवर बोराएवढा लाल डाग होता. वडिलांना काहीच जाणवत नव्हते. सकाळी डॉक्टरांना दाखवले. कातडे अजून फुटले नव्हते. नव्या चपलेच्या टाचेची शिवण उसवून आत वळली होती, ती चपला आम्ही त्याच दिवशी काढून टाकली.