डासाची घ्राणशक्ती

दोघे भाऊ एकाच खोलीत, शेजारी शेजारी निजतात. सकाळी पाहावे तो एकाच्या हातापायांवर गांधी उठलेल्या आणि दुसरा मात्र सुखरूप! मग घरातील वडीलधारी माणसे हसून म्हणतात, "याचे रक्त गोड आहे." परंतु चावण्यापूर्वीच डासाला रक्ताची गोडी कळावी कशी? काळोखात तो माणसापर्यंत पोचतो, तो मुख्यतः वासाच्या आधारे.

चावते ती डासाची मादी. नर फुलांतील मधुर रसावर राहतो. मादीही तो रस पिते. पण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. तिच्या डोक्यावर दोन केसाळ स्पर्शिका असतात आणि सोंडेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक अवयव असतात. या बारीक अवयवांना कार्बन डायऑक्साइड वायूची चाहूल लागते. बाहेरच्या हवेत हा वायू शेकडा ०.०४ इतकाच असतो. आपल्या उच्छ्वासात तो शेकडा ४ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ शंभरपट असतो. निजलेल्या माणसाचा उच्छ्वास उदबत्तीच्या धुरासारखा तुटत, वळत वाऱ्याबरोबर जातो. तो लागताच मादी वाऱ्याच्या उलट दिशेने झेपावते. माग सुटला की आडव्यातिडव्या घिरट्या घालून तो पुन्हा शोधते.

परंतु श्वास तर गाय आणि कुत्राही सोडतात. माणूस ओळखायचा तो त्वचेच्या गंधावरून. दह्याला आंबटपणा आणणारे लॅक्टिक आम्ल आपल्या घामातही असते. त्याखेरीज अमोनिया असतो, इतर अनेक आम्ले असतात. त्यांतील काही त्वचेवर राहणारे सूक्ष्म जंतू तयार करतात. हा मिश्र गंध स्पर्शिकांना कळतो. अगदी जवळ आल्यावर शरीराची ऊबही तिला वाट दाखवते.

न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०२२ साली एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. ६४ माणसांना त्यांनी हातावर नायलॉनचे मोजे चढवावयास दिले. गंध मुरलेल्या मोज्यांचे तुकडे मग डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस जातीच्या माद्यांपुढे ठेवले. काहींच्या तुकड्यांकडे त्या पुनःपुन्हा धावल्या, काहींच्याकडे फारशा फिरकल्या नाहीत. ज्यांची ओढ अधिक, त्यांच्या त्वचेवर विशिष्ट आम्लांचे प्रमाणही अधिक आढळले. वर्षे लोटली तरी माद्यांची ही आवड पालटली नाही. रक्ताच्या गोडीचा येथे प्रश्नच नव्हता; मोज्यात रक्त कोठून असणार?

हे ज्ञान केवळ कुतूहलापुरते नव्हे. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले, तेव्हापासून डासाला माणसापासून दूर ठेवण्याची खटपट चालू आहे. पण त्याला चकवणे सोपे नाही. २०१३ साली एडिस मादीच्या गंधज्ञानातील एक महत्त्वाचा जीन निकामी करून पाहण्यात आला. गिनीपिग कोणता आणि माणूस कोणता, हे तिला नीटसे कळेनासे झाले. तरी उच्छ्वासाची खूण मिळताच ती माणसाकडे आलीच. मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही हा उच्छ्वास बाहेर जातच असतो. म्हणून मादी जाळीपर्यंत येते, तेथेच गुणगुणत राहते, आणि आतला मनुष्य हात जाळीला टेकवून निजला असेल तर बाहेरूनच दंश करते.