गंज उतरवणारी वीज

ढाणकीला घराच्या अंगणात आम्ही एक जुनी पिकअप गाडी दुरुस्तीला घेतली. दाराच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या. पॉलिशपेपरने घासावे, तर गंजाबरोबर चांगले लोखंडही झिजते. म्हणून प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण केले. १२ व्होल्टच्या बॅटरी-चार्जरच्या ऋण टोकाला बिजागरी आणि धन टोकाला भंगारातली लोखंडी पट्टी जोडली. दोन्ही द्रावणात बुडवल्या, पण एकमेकींना टेकू दिल्या नाहीत. चार्जर सुरू करताच बिजागरीवर हायड्रोजनचे बुडबुडे आले.

गंज म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. ऋण टोकाकडून मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी त्याचे क्षपण होते. सैल काळा थर उरतो, तो ब्रशने निघतो. गेलेले लोखंड मात्र परत येत नाही.

हायड्रोजन स्फोटक असतो. हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूरच करावे. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये. त्यातून विषारी क्रोमियम द्रावणात उतरते. वर्गात एका गंजक्या खिळ्यावरही हे दाखवता येईल.