दूरस्थ फाईल आणि तिचे नाव

एखाद्या ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित प्रती हाती आल्या म्हणजे त्यांपैकी प्रमाण पाठ कोणता मानावयाचा, हा प्रश्न संशोधकापुढे उभा राहतो. संगणकावर काम करणाऱ्या अभ्यासकाला हाच प्रश्न कित्येकदा स्वतःच्या लेखनाबाबत पडतो. समजा, कोशाच्या नोंदींची फाईल विभागाच्या सर्व्हरवर आहे आणि अभ्यासक घरच्या संगणकावर काम करीत आहे. तो ती फाईल उतरवून घेतो, तीत दुरुस्त्या करतो आणि ती पुन्हा सर्व्हरवर धाडतो. चार दिवस हा क्रम चालला की एकाच फाईलच्या तीन-चार प्रती दोन ठिकाणी साठतात. मग एखादे दिवशी जुनी प्रत नव्या प्रतीवर लिहिली जाते आणि आठवड्याचे श्रम वाया जातात. येथे दोष निष्काळजीपणाचाच असतो असे नाही. मूळ फाईल एका जागी आणि तिचे संपादन दुसऱ्या जागी, या व्यवस्थेतच तो दडलेला असतो.

या अडचणीवर योजलेला एक उपाय असा की, अभ्यासकाने आपल्या टेक्स्ट एडिटरातूनच दूरच्या संगणकावरील फाईल उघडावी, ती तेथेच जतन करावी आणि तेथील फोल्डरांची व्यवस्थाही तेथूनच पाहावी. ईमॅक्स या एडिटरातील ‘ट्रॅम्प’ नावाच्या व्यवस्थेच्या आधारे या उपायाचे स्वरूप विशद करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

एका संगणकावरील फाईल दुसऱ्यावर नेण्याच्या ‘एफटीपी’ या नियमांचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी १९७१ साली एमआयटी या अमेरिकन संस्थेत असताना प्रसिद्ध केला. ईमॅक्सचा जन्मही त्याच संस्थेतील, १९७६ सालचा. आज प्रचारात असलेले जीएनयू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये प्रथम प्रसृत केले. पुढे अँडी नॉर्मन यांनी एफटीपीचा व ईमॅक्सचा सांधा जुळविला. परंतु मूळच्या एफटीपीत पासवर्ड उघड्या अक्षरांतच तारेवरून जात असे. १९९५ साली फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही सांकेतिक संदेशवहनाची पद्धती निर्माण केली, तेव्हा हा धोका टळला. तिच्यासारख्या अनेक पद्धतींचा उपयोग करून घेणाऱ्या ट्रॅम्पची रचना काय ग्रोसयोहान यांनी १९९८ च्या अखेरीस आरंभिली. २००७ सालच्या ईमॅक्सच्या २२ व्या आवृत्तीपासून ट्रॅम्प हे त्याचेच अंग बनले.

२. नावाचे व्याकरण

ट्रॅम्पचे सारे मर्म फाईलच्या नावात आहे. दूरच्या फाईलचे नाव पुढीलप्रमाणे लिहावयाचे असते. प्रत्यक्षात पद्धतीचे व संगणकाचे नाव रोमन लिपीत लिहावे लागते. येथे ते सोयीसाठी नागरीत दिले आहे.

/एसएसएच:लेखक@कोशघर:/नोंदी/क-वर्ग

या नावाचे चार घटक पडतात. ‘एसएसएच’ हे जाण्याचे साधन, ‘लेखक’ ही जाणारी व्यक्ती, ‘कोशघर’ हे स्थान आणि शेवटच्या विसर्गचिन्हापुढील भाग ही प्रत्यक्ष वस्तू. करण, कर्ता, अधिकरण आणि कर्म या कारकांची आठवण व्हावी असे हे रूप आहे. ही तुलना फार ताणू नये हे खरे. पण तिच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट होते. येथे क्रियापद बदलत नाही, बदलते ते केवळ नाम. उघडणे, जतन करणे, नाव बदलणे, पुसणे या आज्ञा घरच्या फाईलसाठी ज्या, त्याच दूरच्या फाईलसाठी. दूरत्व हा फाईलच्या नावाचा गुण आहे, क्रियेचा नव्हे. कोशघरापर्यंत सरळ वाट नसेल, वाटेत दुसऱ्या संगणकाचा उंबरठा ओलांडावा लागत असेल, तर दोन टप्पे उभ्या दंडाने जोडून एकाच नावात लिहिता येतात.

हे साधते कसे? ईमॅक्समध्ये फाईलीसंबंधीच्या काही मूलभूत क्रिया आहेत. त्यांपैकी कोणतीही क्रिया घडण्यापूर्वी फाईलचे नाव एका यादीशी ताडून पाहिले जाते. नावाचा घाट यादीतील एखाद्या साच्याशी जुळला, तर ती क्रिया त्या साच्याला नेमून दिलेल्या प्रक्रियेकडे सोपविली जाते. दूरच्या फाईलचे नाव याच मार्गाने ट्रॅम्पकडे पोहोचते. संकुचित केलेल्या फाईली एडिटरात सरळ वाचता येतात, त्याही याच यादीमुळे.

३. दोन यंत्रांचा संवाद

ट्रॅम्पसाठी पलीकडच्या संगणकावर विशेष काही बसवावे लागत नाही. साधा शेल, म्हणजे टंकलिखित आज्ञा घेऊन उत्तर देणारा कार्यक्रम, आणि यूनिक्सच्या नित्याच्या काही आज्ञा असल्या की पुरे. ट्रॅम्प एसएसएचच्या द्वारा तेथे प्रवेश करतो आणि एखाद्या माणसाने करावे तसे आज्ञा धाडून आलेले उत्तर वाचतो.

भाषाभ्यासकाला विशेष रोचक वाटेल ती गोष्ट पुढेच आहे. कोणत्याही संभाषणात समोरच्याचे बोलणे संपले, आता पाळी आपली, हे ओळखावे लागते. माणूस ते स्वरावरून व विरामावरून ओळखतो. यंत्राला ही सोय नाही. शेलचे बोलणे संपल्याची खूण म्हणजे ‘प्रॉम्प्ट’, अर्थात पुढील आज्ञेची वाट पाहत असल्याचे चिन्ह. पण पुष्कळ लोक आपला प्रॉम्प्ट रंगांनी व चिन्हांनी सजवितात. अशा वेळी ट्रॅम्पला पहिला पूर्णविरामच सापडत नाही आणि तो ताटकळत राहतो. एकदा आत शिरल्यावर मात्र तो स्वतःचा प्रॉम्प्ट ठरवून देतो, आणि तो इतका विलक्षण अक्षरक्रमाचा असतो की कोणत्याही मजकुरात तो सहजगत्या येण्याचा संभव नसतो.

मजकूर याच वाटेने आणावयाचा, तर दुसरी अडचण येते. शेल काही चिन्हांना आज्ञा समजतो. त्यामुळे मजकूर वाटेत बिघडण्याची भीती असते. म्हणून तो आधी निरुपद्रवी रोमन अक्षरांत व अंकांत रूपांतरित करतात. युनिकोडच्या नित्याच्या यूटीएफ-८ लेखनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि या रूपांतरात दर ३ बाइटांची ४ चिन्हे होतात. ‘क’ हे एक अक्षर अशा रीतीने चार रोमन चिन्हांच्या वेषात प्रवास करते आणि मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा ‘क’ होते. मोठ्या फाईलींसाठी हा मार्ग खर्चाचा पडतो. तेव्हा त्या नेण्याचे काम बाहेरच्या कार्यक्रमाकडे देण्याची सोयही ट्रॅम्पमध्ये आहे.

४. फोल्डर हाही मजकूरच

ईमॅक्समधील ‘डायर्ड’ हा विभाग फोल्डरातील फाईलींची यादी मजकुराच्या रूपात मांडतो. त्या यादीत फिरावे, पुसावयाच्या फाईलींवर खूण करावी आणि शेवटी एका आज्ञेने त्या पुसाव्यात, अशी ही रीत आहे. खूण करणे व प्रत्यक्ष पुसणे यांत ठेवलेले हे अंतर विचारपूर्वक ठेवलेले आहे. एवढेच नव्हे, तर ही यादी लेखनयोग्य करता येते. शंभर फाईलींच्या नावांत ‘नोंदि’ असे ऱ्हस्व पडले असेल, तर यादीतच शोधून ‘नोंदी’ असा दीर्घ बदल करावा आणि यादी जतन करावी; शंभरही फाईलींची नावे बदलतात. या फाईली घरच्या आहेत की कोशघरातील, याने काहीच फरक पडत नाही.

५. अंतराचे भान

परंतु अंतर दिसेनासे झाले, तरी ते नाहीसे होत नाही. प्रत्येक प्रश्नासाठी तारेवरून फेरी पडते. म्हणून ट्रॅम्प मिळालेली माहिती काही काळ लक्षात ठेवतो. नित्याच्या मांडणीत ही मर्यादा १० सेकंदांची आहे. तेवढ्या अवधीत तिकडे कोणी बदल केला, तर तो इकडे दिसेलच असे नाही. आपण फाईल उघडल्यानंतर दुसऱ्याने ती बदलली असेल, तर जतन करताना ईमॅक्स इशारा देतो. तो न वाचताच होकार देणे म्हणजे दुसऱ्याचे काम पुसणे होय. शिवाय जतन करीपर्यंतचे संपादन आपल्याच संगणकाच्या स्मृतीत असते. संपर्क तुटला तर बदल येथे राहतात, तेथे नव्हे. अशा वेळी मजकूर घरच्या डिस्कवर दुसऱ्या नावाने ठेवावा, हे उत्तम.

याच प्रश्नाचे उलट दिशेचे उत्तरही आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरासाठी २०१९ मध्ये आलेल्या व्यवस्थेत एडिटरचा एक भागच दूरच्या संगणकावर बसविला जातो. त्यामुळे शोध व तपासणी फाईलीजवळच होते आणि वेग वाढतो. पण तेथे तो भाग चालण्याइतकी शक्ती व परवानगी असावी लागते. ट्रॅम्प पाहुण्यासारखा जातो, यजमानाच्या घरी आहे तेवढ्यात भागवितो. कोणती रीत स्वीकारावी, हे यजमानाच्या घरात जागा किती आहे यावर अवलंबून राहील.

दोन्ही रीतींत प्रमाण प्रत एकच राहते, हा खरा लाभ. त्याची किंमतही तितकीच स्पष्ट आहे. आज्ञा सर्वत्र सारख्या झाल्यामुळे आपण कोठे आहोत हे सांगणारे एकच चिन्ह उरते, आणि ते म्हणजे फाईलचे नाव. ते पूर्ण वाचल्यावाचून पुसण्याची आज्ञा देऊ नये.