जुन्या जीपचा पुढचा आस

छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो. मुरमाड, खडकाळ माळाची ती भाठा. हलकी, पिवळसर ती मटासी. काळी, चिकण ती कन्हार. आणि मटासी व कन्हार यांच्या मधली ती डोरसा. उन्हाळ्यात या चारही जमिनींवरून गाडी सारख्याच सहजतेने जाते. पहिला जोराचा पाऊस पडला, की त्यांचे स्वभाव निराळे होतात. भाठ्यावरचे पाणी वाहून जाते आणि चाकाला आधार मिळतो. कन्हारवर मात्र तेच चाक जागच्या जागी फिरत राहते आणि स्वतःसाठी खड्डा खणते. अशा मुलुखात चारही चाकांना इंजिनाचे बळ पोचवणारी जीप लोकप्रिय झाली, यात नवल नाही.

परंतु आज रायपूर आणि त्याच्या आसपासच्या जुन्या जीपगाड्यांपैकी कित्येकींचे आयुष्य डांबरी रस्त्यावरच जाते. नागपूरकडून रायपुरात येणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड असो, की धमतरी, कांकेरवरून जगदलपूरकडे जाणारा रस्ता असो, तेथे पुढच्या चाकांना बळ देण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मग मालकाच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो. जे यंत्र वर्षातून एकदाही कामाला येत नाही, त्याचे ओझे का वाहावे? त्याचे तेल, त्याची सीले, त्याचे जॉइंट यांवर खर्च का करावा? पुढचा भाग काढून टाकून जीप केवळ मागच्या चाकांवर चालवली तर काय बिघडेल? प्रश्न साधा दिसतो. उत्तर मात्र जीपची घडण समजून घेतल्याशिवाय देता येत नाही.

या घडणीचा जन्म युद्धात झाला. 1941 ते 1945 या काळात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप सैन्यासाठी बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या पुष्कळ गाड्या मुलकी कामाला लागल्या. भारतात महिंद्र कंपनीने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे 1969मध्ये जबलपूरला लष्करी वाहनांचा कारखाना निघाला आणि तेथील जोंगा ही थोराड गाडीही सैन्यातून निवृत्त झाल्यावर खासगी मालकांच्या हाती आली. या गाड्यांचे तपशील निरनिराळे असले, तरी त्यांच्या चालनेचे तत्त्व एकच आहे.

साध्या गाडीत इंजिनाचे बळ गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याने, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टने, मागच्या आसाकडे जाते. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटा गिअरबॉक्स बसवलेला असतो. त्याला ट्रान्स्फर केस म्हणतात. तेथून एक शाफ्ट मागे जातो व दुसरा पुढे. चालकाजवळच्या एका दांडीने पुढचा शाफ्ट जोडता किंवा तोडता येतो. दुसऱ्या दांडीने साधी चाल किंवा जोराची संथ चाल निवडता येते. या संथ चालीत वेग घटतो आणि चाकांवरचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. युद्धकाळातील विलीजमध्ये ही वाढ जवळजवळ दुप्पट होती.

पुढचा शाफ्ट तोडण्याची सोय मुळात का ठेवली? कारण वळणावर पुढची चाके आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. जुन्या जीपच्या दोन आसांमध्ये सुमारे दोन मीटर अंतर असते. मागच्या आसाचा मध्य पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून फिरत असेल, तर पुढच्या आसाचा मध्य सुमारे 5.4 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून फिरतो. एका पूर्ण फेरीत दोहोंच्या मार्गांत सुमारे अडीच मीटरांचा फरक पडतो. दोन्ही शाफ्ट एकमेकांशी पक्के जोडलेले असताना हा फरक कोठेतरी जिरावा लागतो. चिखलात चाक थोडे घसरते आणि तो जिरतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही. मग ताण टायरवर, क्रॉसवर आणि गिअरच्या दातांवर पडतो. म्हणून चारही चाकांचे बळ घसरत्या जमिनीवरच वापरावयाचे असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. दांडी सोडलेल्या स्थितीत जुनी जीप ही मागच्या चाकांवर चालणारी गाडीच असते. तिचे रूपांतर करावयाचे म्हणजे नवे काही घडवावयाचे नसून, पुढच्या भागाला विश्रांती द्यावयाची असते. कारण इंजिनाशी संबंध तुटला, तरी तो भाग स्वस्थ बसत नाही. रस्त्यावर लोळणारी पुढची चाके आतले ॲक्सल शाफ्ट फिरवतात. ते डिफरन्शियलला फिरवतात आणि डिफरन्शियल पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला. एवढे सर्व लोखंड निष्कारण फिरत राहते.

ही विश्रांती तीन प्रकारांनी देता येते. पहिला प्रकार पुढचा प्रॉपेलर शाफ्ट उतरवण्याचा. काही बोल्ट सोडले की काम होते; मात्र डिफरन्शियल व ॲक्सल शाफ्ट फिरतच राहतात, त्यामुळे लाभ थोडा. दुसरा प्रकार चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे हबवर, सुटे करता येणारे हब बसवण्याचा. 1948मध्ये आर्थर वॉर्न यांनी अमेरिकेत युद्धातून उरलेल्या जीपगाड्यांसाठी हाच उपाय बाजारात आणला. चाकावरची कळ फिरवली, की चाक आतल्या शाफ्टपासून मोकळे होते आणि हबच्या आतील सारे यंत्र थांबते; गरज पडली, की कळ उलट फिरवावी. असे हब महिन्यातून एकदा जोडून थोडे अंतर चालवावेत, म्हणजे आतले तेल सगळीकडे पोचते. तिसरा प्रकार पुढचा आस सबंध काढून त्या जागी डिफरन्शियल नसलेला साधा आस घालण्याचा. हे काम खर्चाचे व जोखमीचे आहे, कारण सुकाणू, ब्रेक आणि स्प्रिंगचे पाटे यांची सर्व मापे त्या आसावर अवलंबून असतात.

पुष्कळदा उत्साहाच्या भरात ट्रान्स्फर केसही काढून टाकण्याचा विचार पुढे येतो. खरा धोका येथे आहे. जुन्या विलीज जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. वेग दाखवणाऱ्या मीटरची केबलही तेथूनच निघते. शिवाय ही केस बळ खाली आणि उजवीकडे वळवून देते, आणि मागच्या आसाचे डिफरन्शियलही त्याच बेताने मध्यापासून उजवीकडे सरकवलेले असते. केस काढली की शाफ्टची रेषा चुकते, मीटर मुका होतो आणि हातब्रेक नाहीसा होतो. सपाट रस्त्यावर ही उणीव कदाचित कळणारही नाही. भरल्या गाडीने केशकालच्या घाटात चढावर थांबण्याची वेळ आली, म्हणजे ती कळेल, आणि तेव्हा फार उशीर झालेला असेल.

दुसरी सावधगिरी संथ चालीविषयीची. विलीजच्या ट्रान्स्फर केसमध्ये पुढचा शाफ्ट जोडल्याखेरीज संथ चाल पडू नये, अशी अडसर-योजना आहे. वाढलेला जोर दोन आसांत वाटला जावा, हा तिचा हेतू. पुढचा शाफ्ट उतरवला असेल किंवा हब सुटे ठेवले असतील, तर ही योजना फसते. दांडी पडते खरी, पण सगळा जोर एकट्या मागच्या आसावर येतो. मूळच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी अधिक जोराचे डिझेल इंजिन बसवले असेल, तर मागचा ॲक्सल तुटण्याचे भय आणखी वाढते. अशा गाडीत संथ चालीची दांडी न वापरणे हाच शहाणपणा होय.

जीपचा हा नियम प्रत्येक गाडीला मात्र लावू नये. ज्या गाड्यांत चारही चाकांना सदैव बळ मिळते, त्यांत दोन आसांच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल असते. तेथे एक शाफ्ट काढला, तर बळ त्या मोकळ्या तोंडातूनच निघून जाते आणि गाडी जागची हलत नाही. अलीकडच्या अनेक गाड्यांत ॲक्सलचे टोकच चाकाच्या बेअरिंगला आवळून धरते; तो काढला तर चाकाचा आधारच जातो.

यंत्राचा विचार झाल्यावर कायद्याचाही करावा लागतो. 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील नोंदी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या मर्यादेवर भर दिला. म्हणून आस बदलण्यासारखे काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे आणि विमा कंपनीला कळवणे इष्ट. अपघातानंतर ही चौकशी सुरू झाली, तर ती मालकाला सोयीची नसते.

तेव्हा निर्णय कशाच्या आधारे करावा? गाडी कोणत्या जमिनीवर चालावयाची आहे, या एकाच आधारे. जिला डांबर आणि भाठा यांखेरीज काही ठाऊक होणार नाही, तिला सुट्या हबांनी हवी ती विश्रांती मिळते. जिला पावसाळ्यात एकदा जरी कन्हारच्या शेतवाटेने आजाऱ्याला आणावयास जावे लागणार असेल, तिचा पुढचा आस त्या एका दिवसासाठी शाबूत असला पाहिजे. जो भाग उतरवावा, तो तेल लावून, गुंडाळून, बोल्टांसह जपून ठेवावा. निरुपयोगी वाटणारा भाग आणखी कोणकोणती कामे करीत होता, हे काढण्यापूर्वी पाहावे. काढल्यानंतर ते गाडीच दाखवून देते, पण त्याची किंमत मोजावी लागते.